नववीचे वय, ‘शाळा’ कादंबरी आणि आपली घरे

आमच्या वस्तीतील विहाराला लागून एक लहानसे वाचनालय आहे. दोन लोखंडी कपाटे, एक टेबल, चार खुर्च्या आणि एक नोंदवही एवढाच त्याचा संसार. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सात ते नऊ मी तेथे बसतो. कारकुनी हात असल्यामुळे नोंदवही मात्र मी चोख ठेवतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरातील पुस्तकांच्या स्टॉलवरून नवीन खरेदी करायची म्हणून, वर्षभरात कोणते पुस्तक किती वेळा गेले याचा हिशेब काढायला बसलो. बाबासाहेबांचे चरित्र आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ही पुस्तके बहुतेक घरांत स्वतःचीच असल्याने वाचनालयातून कमी जातात. स्पर्धा परीक्षांची पुस्तके सर्वांत जास्त गेली होती, त्यात नवल नाही. त्यांच्या खालोखाल जे पुस्तक होते ते पाहून मात्र मी पुन्हा एकदा बेरीज केली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी. शिवण उसवल्यामुळे दोन वेळा बाइंडिंग केलेली. नेणारे सगळे आठवी ते दहावीचे, आणि त्यातही मुली अधिक.

हा आकडा मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. आमच्याकडे एक ज्येष्ठ उपासक आहेत, गिरणीत आयुष्य गेलेले, विहाराची एकेक वीट त्यांच्या डोळ्यांसमोर चढलेली. ते म्हणाले, “जयभीम. एक विचारतो, राग मानू नका. विहाराच्या वाचनालयात पोरापोरींच्या प्रेमाची पुस्तकं कशाला? बाहेर टीव्ही आहे, मोबाईल आहे, तेवढं बिघडवणं पुरे नाही का?” बैठकीत बऱ्याच माना हलल्या. वाचक बंधू-भगिनींनो, खरे सांगायचे तर वर्षभरापूर्वी मीही मान हलवली असती. मधल्या काळात माझ्या घरात काही घडले म्हणून मी गप्प बसलो नाही. ते पुढे सांगतो. आधी पुस्तकाविषयी, कारण ज्यांनी माना हलवल्या त्यांच्यापैकी एकानेही ते वाचलेले नव्हते.

‘शाळा’ २००४ साली मौज प्रकाशनाने काढली. लेखक मिलिंद बोकील हे समाजशास्त्राचे अभ्यासक, कातकरी समाजावर त्यांचा अभ्यासग्रंथ आहे. पण ही कादंबरी वाचताना कुठेही अभ्यासक बोलतो आहे असे वाटत नाही. बोलतो तो नववीतला मुकुंद जोशी. काळ आहे आणीबाणीचा, म्हणजे १९७५ नंतरचा. गाव शहराच्या वाटेला लागलेले. तेथे नवीन इमारती उठत आहेत आणि अशाच एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या या चौघांचा अड्डा आहे. शाळा भरण्यापूर्वी तेथे बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या मुली पाहायच्या, कोणाची ‘लाईन’ कोणती यावर वाद घालायचा, मास्तरांच्या नकला करायच्या. बस. मोठी घटना म्हणावी असे फारसे काही घडत नाही. तरी तीनशेच्या आसपास पाने हातातून सुटत नाहीत.

मुकुंदाला त्याच्या वर्गातली शिरोडकर आवडते. आवडते म्हणजे काय, हे त्याला स्वतःला कळत नाही आणि सगळी कादंबरी त्या न कळण्यावर उभी आहे. ती कोणत्या रस्त्याने येते, क्लासला कधी निघते, आज तिने मागे वळून पाहिले की नाही, आणि पाहिले तर ते आपल्याकडे की मागच्या बाकावरच्याकडे, याचे तो दिवसभर हिशेब मांडत राहतो. (हिशेब मीही आयुष्यभर लिहिले, पण इतके बारीक नाही.) तिच्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून केवढी आखणी! आणि प्रत्यक्ष समोर आली की अभ्यासाव्यतिरिक्त शब्द सुचत नाही. यात चोरटेपणा आहे, पण घाण नाही. सिनेमात दाखवतात तशी गाणी नाहीत, पळून जाणे नाही, विष घेणे नाही. एक मूल मोठे होताना आतून कसे हलते, एवढेच आहे.

त्याच्या बाजूला सुऱ्याची गोष्ट ठेवली आहे, आणि ती मला पालक म्हणून जास्त लागली. सुऱ्याला केवडा नावाने ओळखली जाणारी मुलगी आवडते. मुकुंद जे मनात घोळवतो ते सुऱ्या सरळ करून मोकळा होतो. प्रकरण वडीलधाऱ्यांपर्यंत जाते. मग मार, अब्रूचा पंचनामा, आणि मित्रांमध्ये पसरलेली भीती. त्या सर्व प्रकारात कोणीही त्या पोराला जवळ बसवून विचारत नाही की बाबा रे, तुला काय वाटले होते? शाळेला शिस्त माहीत आहे, बापाला मारणे माहीत आहे. विचारणे कोणालाच माहीत नाही.

विचारणारा एकच माणूस त्या पुस्तकात आहे, तो मुकुंदाचा नरूमामा. तो मुकुंदाशी बरोबरीच्या माणसासारखा बोलतो. पोराचे गुपित ऐकून हसत नाही, घरी सांगत नाही, उपदेशाचा डोसही पाजत नाही. घरात आई आहे, वडील आहेत, मुकुंद जिला ‘अंबाबाई’ म्हणतो ती मोठी बहीण आहे, आणि ही माणसे काही वाईट नाहीत. पण पोराच्या मनातले कोणाजवळ बाहेर पडते? मामाजवळ. मला वाटते, मुकुंद सुऱ्याच्या वाटेने गेला नाही याचे निम्मे श्रेय या मामाचे आहे. लेखकाने असे कुठे म्हटलेले नाही, हा माझा हिशेब.

कादंबरीचा शेवट सांगू नये म्हणतात, पण २०१२ च्या जानेवारीत सुजय डहाके यांचा चित्रपट लागल्यापासून तो सर्वांना ठाऊक आहे. त्या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शिरोडकरच्या वडिलांची बदली होते आणि ती गाव सोडून जाते. कोणी कोणाला मारत नाही, कोणी कोणाची जात काढत नाही. सरकारी कागदावर एक सही होते आणि पहिले प्रेम संपते. मुकुंद दहावीत जातो. समोर बोर्डाची परीक्षा आहे.

येथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटले तेव्हा एक गोष्ट मनात अडकून राहिली. त्या मुलीला मुकुंद आडनावानेच ओळखतो. त्या काळी शाळेत मुले मुलींना आणि मुली मुलांना आडनावानेच पुकारत, बऱ्याच शाळांत अजून तसेच आहे. जोशी, शिरोडकर, चित्रे. मुकुंदाच्या मनात ‘शिरोडकर’ हा शब्द किती गोड होऊन बसला आहे! आडनावाचे असे फूल झालेले मी कधी पाहिले नव्हते.

आपल्या मुलांचे आडनाव असे सुखाने उच्चारले जाते का? आपल्याकडे कोणी आडनाव विचारले की पाठीत एक कळ येते. विचारणाऱ्याला आडनाव नको असते, जात हवी असते. आडनावावरून कळली नाही तर गाव विचारतो, गाव कळले तर गावात घर कोणत्या बाजूला ते विचारतो. कितीतरी कुटुंबांनी याच त्रासाने आडनावे बदलली, गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून घेतले. तेव्हा नववीतल्या आपल्या पोराला कोणी आवडली तर त्याच्या मनात पहिला प्रश्न ‘तिने वळून पाहिले का’ हा नसतो. ‘तिला माझे आडनाव माहीत झाले आहे का’ हा असतो.

माझी नववी १९९३-९४ ची. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी होतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती, दुसऱ्या बाकावर बसायची. गणितात हुशार. माझ्याकडून भूमिती घ्यायची, मी तिच्याकडून इंग्रजीचे अर्थ उतरवून घ्यायचो. यापुढे काहीही नाही. पण शनिवारी सकाळची शाळा असली की मी उगीच अर्धा तास आधी जाऊन बसे, यावरून वाचकांनी काय ते समजावे.

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळात ठराव झाला होता. त्यानंतर घरे जळली, माणसे मेली, लाँग मार्च झाला, आणि साडेपंधरा वर्षांनी तो दिवस उजाडला. वस्तीत रात्रभर कोणी झोपले नाही. वडिलांनी उसने पैसे आणून पेढे वाटले. तो दिवस नेमका मकरसंक्रांतीचा होता. गावात वातावरण तंग, दोन दिवस शाळा बंद. शाळा पुन्हा भरली तेव्हा मुली डबे घेऊन तिळगूळ वाटत होत्या. ती प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत, ‘गोड बोला’ म्हणत आली. माझ्यापाशी आली. मी हात पुढे केला होता. तिने मागे कोणाकडे तरी पाहिले, लाडू बाकाच्या कडेला ठेवला आणि काही न बोलता पुढे गेली. भूमिती त्या दिवसापासून बंद. तिच्यावर कोणी काय दडपण आणले असेल ते मला आज कळते, तेव्हा कळत नव्हते. तो लाडू मी खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. दप्तरात त्याचा चुरा झाला.

त्या वर्षी वार्षिक परीक्षेत माझे गुण घसरले. वडिलांनी कारण विचारले नाही, चपलेने मारले. माझी वडिलांवर तक्रार नाही. त्यांच्या वडिलांना शाळाच ठाऊक नव्हती, मुलगा नववीत बसला आहे हेच त्यांना केवढे होते. पण कोणाला सांगावे असा नरूमामा मला नव्हता. मला मामा तीन होते, तिन्ही वीटभट्टीवर.

पुढे २०१३ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. माझ्या दृष्टीने तो ‘शाळा’चा दुसरा भाग आहे. वय तेच, शाळा तीच, वर्गातील मुलीकडे चोरून पाहणे तेच. फक्त पोराचे नाव जब्या आहे, तो कैकाडी समाजाचा आहे आणि गावातील डुकरे धरण्याचे काम त्याच्या बापाच्या माथी आहे. ज्या मुलीसमोर त्याला नवी जीन घालून उभे राहायचे आहे, तिच्यासमोरच त्याला डुकरामागे धावावे लागते. धरलेले डुक्कर काठीला बांधून बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई यांची चित्रे आहेत. मुकुंदाचे प्रेम बदलीच्या कागदाने संपते. जब्याचे संपते तेव्हा त्याच्या हातात दगड असतो.

तो चित्रपट लागून अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ रोजी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्या समाजाच्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला, वरच्या जातीच्या मुलीशी त्याचे संबंध आहेत या संशयावरून, दिवसाढवळ्या मारहाण करून ठार मारण्यात आले. त्याचे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याचा फोटो हातात धरून आपण सर्वच रस्त्यावर उतरलो होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला. बरेच साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले.

म्हणून आपल्या घरातील आईबाप जेव्हा पोरांच्या प्रेमाला घाबरतात, तेव्हा ते अडाणी आहेत असे मी म्हणणार नाही. मुकुंदाच्या आईला जी भीती आहे ती मार्कांची आहे. खर्ड्यानंतर आपल्या आईला जी भीती आहे ती प्रेताची आहे. त्यात आता कायद्याचीही भर आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलीची संमती कायदा धरत नाही. कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे, तो हवाच. परंतु दोघांच्या मर्जीच्या ओळखीतही मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली की पोरगा आत जातो, आणि पोरगा आपला असेल तर त्याच्यासाठी वकील कोण उभा करणार? सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. शाळेत सांगत नाहीत. घरात तर विषयच निघत नाही.

मात्र भीती खरी असली तरी तिच्यापायी आपण जे करतो ते बरोबर असतेच असे नाही. येथे मी माझ्या घरावर येतो.

माझी थोरली मुलगी नववीत आहे. जून महिन्यात शेजारच्या एका बाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितले की तुमची मुलगी क्लासवरून येताना एका मुलाबरोबर चालत असते, दोघे वडापावच्या गाडीपाशी उभे होते. मी घरी गेलो, आवाज चढवला, मोबाईल काढून घेतला आणि उद्यापासून क्लास बंद म्हणून सांगितले. मुलगी काही बोलली नाही. दोन दिवस नीट जेवलीही नाही. माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. वाढत्या वयाच्या मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या देणे, त्यांच्या आयांची समजूत घालणे हे तिचे रोजचे काम. तिसऱ्या रात्री तिने माझ्यासमोर पुस्तक आपटले. “तुमच्याच वाचनालयाचं आहे. ती दोनदा वाचून झाली. तुम्ही नुसत्या तारखा लिहिता, आत काय आहे ते कधी बघितलंत का?”

अशा रीतीने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी ‘शाळा’ वाचली. दोन रात्री लागल्या.

वाचून झाल्यावर मुलीला काय विचारावे ते मला सुचेना. मुकुंदासारखीच माझी गत झाली, समोर आली की अभ्यासाव्यतिरिक्त शब्द नाही. शेवटी पुस्तकाविषयीच विचारले, की तुला कोण आवडले? मला वाटले मुकुंद म्हणेल. ती म्हणाली, “शिरोडकर. पण तिचं काहीच कळत नाही पप्पा. ती घरी गेल्यावर तिला कोण काय बोलत असेल, ते पुस्तकात नाहीच.”

हे मला पटले. कादंबरी मुलाच्या डोळ्यांनी लिहिली आहे, ते डोळे प्रामाणिक आहेत, पण त्यांना मुलीच्या घराचे दार बंद आहे. एकच सुऱ्या मार खातो, पण अशा प्रसंगात मुलीची शाळा सुटते, हे आपल्या वस्तीत आपण पाहतो. मुलाला चार फटके मारून पुन्हा शाळेत पाठवतात. मुलीसाठी स्थळ पाहायला लागतात. लग्नाचे वय मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ असे २००६ च्या कायद्यात आहे, पण ‘वेळीच हात पिवळे केलेले बरे’ ही भाषा बौद्ध घरांतूनही ऐकू येते. हात पिवळे करणे आपण विधीतून काढून टाकले, जिभेवरून नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो आयाबहिणींना मुलांच्या लग्नाची घाई करू नका असे बजावले होते आणि पत्नी ही पतीची बरोबरीची मैत्रीण असली पाहिजे हेही सांगितले होते. ऐंशी वर्षे उलटून गेली. मी स्वतः जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे, आणि क्लास बंद करताना ती मला आठवली नाही.

आमच्या ज्येष्ठ उपासकांच्या प्रश्नाला मी बैठकीत उत्तर दिले ते ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मधून. त्यात प्रकृती या चांडालिकेची कथा आहे. आनंद नदीवर तिच्याकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाळाची. तो म्हणतो, मला पाणी हवे, जात नको. त्या पोरीचे मन त्याच्यावर जडते. लग्न करीन तर याच्याशीच म्हणून ती आईजवळ हट्ट धरते, आनंदाच्या मागे मागे फिरते. तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी काय केले? तिला हाकलले नाही, तिच्या आईला बोल लावला नाही. तिला बोलावून घेतले आणि विचारले, तू याच्या मागे का फिरतेस? आधी विचारले, ऐकून घेतले, मग समजावले. पुढे ती संघात आली. आपल्या धम्मग्रंथात एका पोरीच्या वेड्या प्रेमाला जागा आहे, तर कपाटात का नसावी, एवढेच मी म्हटले. ते हसले. पुस्तक मागून घेऊन गेले. नोंदवहीत त्यांचे नाव आहे, तारीख उलटून गेली तरी परत आलेले नाही.

याच बैठकीत एका तरुण शिक्षकाने मुद्दा काढला की आपल्या साहित्यात असे पुस्तक का नाही? प्रश्न रास्त आहे. ‘बलुतं’ १९७८ ला आले, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ ला, ‘उपरा’ १९८० ला. त्या पुस्तकांनी मराठी साहित्य हलवले. कोवळ्या वयातील ओढ आपल्या लेखकांनी लिहिलीच नाही असे नाही. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये त्यांच्या लग्नाआधीच्या प्रेमाचे मोकळे चित्र आहे. पण भूक, अपमान, मार यांच्या गर्दीत त्या ओढीला बसायला जागा कमी मिळाली. ज्या पोराला सकाळी शेण काढून शाळेत जायचे होते, त्याने अर्धवट इमारतीत बसून लाईन मोजायची कधी? आज आपल्या वस्तीत सायकलवरून क्लासला जाणारी, वसतिगृहात राहणारी, आडनाव सांगताना अर्धा क्षण थांबणारी मुले आहेत. त्यांच्या नववीची कादंबरी त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहायची आहे. मला ती वाचायला आवडेल.

मुलांना सूट द्या, पोरे बहकली तरी चालतील, असे मी सुचवत आहे असा अर्थ कोणी काढू नये. माझ्या मुलीने बारावीपर्यंत, आणि त्यानंतरही, पुस्तकात डोके घालून बसावे असेच मला वाटते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या ग्रंथात आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला, हे आपण सर्व मानतो. पण ते विवाह काही समितीच्या ठरावाने होणार नाहीत. कधीतरी कोणीतरी कोणाकडे तरी पाहील तेव्हाच होतील. ते पाहणे कोणत्या वयात, किती जबाबदारीने, आणि पाय घसरू लागला तर धावत कोणाकडे यायचे, हे मुलांना माहीत असावे. ‘कोणाकडे’ याचे उत्तर आपल्या घरात असले तर बरे, नाहीतर ते मोबाईलमध्ये सापडते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही आता विहारात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक तास वाचन ठेवले आहे. एका पुस्तकातील दहा पाने कोणीतरी मोठ्याने वाचायची, मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. पालकांनी मागे बसायचे व मध्ये बोलायचे नाही, असा नियम माझ्या पत्नीने घातला. पहिल्या रविवारी मागच्या रांगेतील दोन पालकांना, त्यांत मी एक, बाहेर जायला सांगण्यात आले.

मुलीचा क्लास आठ दिवसांतच पुन्हा सुरू केला. तो मुलगा कोण, हे तिने सांगितलेले नाही. मी विचारले नाही. पण एका रात्री भांडी आवरताना तिनेच विषय काढला. “पप्पा, शेजारच्या काकूंनी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांना पहिलं काय विचारलं माहितेय? त्यांनीच मला सांगितलं.”

मला आठवत होते. मी विचारले होते, “कोणाचा आहे? आडनाव काय?”

मी खुर्चीवर बसलो आणि तिला तिळगुळाची गोष्ट सांगितली. तिच्या आईलाही ती तोपर्यंत ठाऊक नव्हती. दोघी ऐकत होत्या. सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली, “नाव काय होतं तिचं?” मी आडनाव सांगितले, कारण वर्गात आम्ही सगळे तेच म्हणायचो.

“आडनाव नाही पप्पा. नाव.”

मला थोडा वेळ लागला, पण आठवले. मी ते सांगितले.